चौदा एप्रिलचे ते सहासष्ट जवान

चौदा एप्रिल म्हटले की आपल्या घरात दुसरा विषय नसतो. भिंतीला रंग, दारात रांगोळी, पांढरे स्वच्छ कपडे, सकाळी त्रिशरण-पंचशील आणि संध्याकाळी निळ्या झेंड्यांची मिरवणूक. तेल्हाऱ्यात काय, हिवरखेडात काय किंवा एखाद्या चार घरांच्या वस्तीत काय, हा दिवस असाच उगवतो. ज्या महामानवाने आपल्याला माणूस केले त्याचा जन्मदिवस आपण असाच साजरा करणार, यात नवल ते कोणते?

पण याच तारखेला देशभरातल्या अग्निशमन केंद्रांत एक वेगळा कार्यक्रम होतो. गणवेशातले जवान रांगेत उभे राहतात, मृत सहकाऱ्यांना मानवंदना देतात आणि दोन मिनिटे स्तब्ध राहतात. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आहे आणि १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांच्या जयंतीशी त्याचा जाणूनबुजून संबंध जोडलेला नाही. तारीख योगायोगाने एक आली. तरीही हा योगायोग आपल्या समाजाने समजून घ्यावा, असे आम्हाला मनापासून वाटते. कारण त्या दिवशी जे मेले ते हातावर पोट असलेले कामगार होते, आणि कामगाराला अंधारात ठेवले म्हणजे काय होते, हे त्या एका दुपारने साऱ्या मुंबईला दाखवून दिले.

जहाज कोणते, माल कोणता?

गोष्ट १९४४ सालची. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे सात हजार टनांचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले. जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची असे करत ते १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले.

या जहाजाच्या पोटात होते तरी काय? सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्यात पाणतीर, सुरुंग आणि तोफगोळे. कराचीला चढवलेल्या सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी. तेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड. आणि या सगळ्यांबरोबर सोन्याच्या १२४ विटा, एकेक वीट सुमारे पावणेतेरा किलोची!

दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारात खाली कापसाच्या गाठी आणि त्यांच्या वर स्फोटके अशी रचना होती. चुलीवर रॉकेलचा डबा ठेवावा तसाच हा प्रकार. एरवी असले जहाज गोदीत आणण्याआधी त्यातली स्फोटके दूर पाण्यात पडावांवर उतरवून घेत. युद्धाच्या घाईत तो नियम सैल करण्यात आला होता. जहाजावर धोक्याचा माल असला की लाल निशाण फडकवायचे असते. तेही या जहाजावर लागलेले नव्हते. शेजारच्या धक्क्यावर ओझी वाहणाऱ्या हमालाला काय ठाऊक, की आपल्यापासून हाकेच्या अंतरावर मरण नांगर टाकून उभे आहे?

कापूस आतून जळतो

आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला कापसाची आग समजावून सांगावी लागत नाही. जिनिंगमध्ये रेच्यावर काम केलेल्या आमच्या बाया-माणसांना ती चांगली ठाऊक आहे. गंजीवर पाणी मारले, धूर थांबला, सगळे घरी गेले, आणि रात्री पुन्हा आतून पेट घेतला, असे होते. म्हणून जाणता माणूस नुसते पाणी मारून थांबत नाही, गंजी फोडतो. दाबून बांधलेली गाठ तर त्याहून वाईट. ठिणगी एकदा आत शिरली की ती वरून दिसत नाही, तासन् तास धुमसत राहते.

मुंबईत नेमके हेच झाले. १४ एप्रिल, शुक्रवार, दुपारी दोनच्या सुमारास त्या कोठारातून धूर येताना दिसला. बिडी-सिगारेटच्या थोटकाने आग लागली असावी, असा तर्क पुढे केला गेला. असेलही! पण थोटूक कुणाचेही असो, कापसावर दारूगोळा रचण्याचा निर्णय मजुराचा नव्हता. गजबजलेल्या गोदीत ते जहाज आणण्याचा हुकूमही मजुराने दिला नव्हता.

अग्निशमन दलाचे बंब आले. जवानांनी नळ्या सोडल्या आणि पाणी मारायला सुरुवात केली. नऊशे टनांहून अधिक पाणी त्या जहाजात ओतले गेले. पण आग नेमकी कोठे आहे तेच दिसेना. धूर इतका, की खाली उतरता येईना. पुढे जहाजाच्या लोखंडी अंगावरचा रंग तापून फुगू लागला, आत साचलेले पाणी उकळू लागले. कापूस जळतच होता आणि त्याच्या वर स्फोटके होती.

अधिकारी मंडळी काठावर जमली होती. जहाज आहे तिथेच बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, यावर त्यांचे एकमत होत नव्हते. ठाम हुकूम कुणी दिला नाही. मोलाचा वेळ चर्चेत गेला. जवान मात्र चर्चेत नव्हते. ते नळी धरून उभे होते.

दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. पुढच्या सोळा मिनिटांत, ४ वाजून ६ मिनिटांनी, पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. इतका मोठा हादरा, की सतराशे किलोमीटर दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. ‘जलपद्म’ नावाचे जहाज खेळण्यासारखे उचलून धक्क्यावर फेकले गेले. जळते कापसाचे गठ्ठे आकाशातून मांडवी भागातल्या गोदामांवर, चाळींवर, झोपड्यांवर पडले, आणि जिथे पडले तिथे नवी आग लागली.

धक्क्यावर नळी धरून उभे असलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी मेले. आणखी ८३ जखमी झाले. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स हेही तिथेच होते. स्फोटाच्या तडाख्यातून ते कसेबसे वाचले.

उरलेले पुन्हा आगीकडे गेले

आम्हाला या हकिगतीतला सर्वांत मोठा भाग यापुढचा वाटतो. एका क्षणात निम्मे सोबती गेले, बंब मोडले, नळ्या फाटल्या. अशा वेळी उरलेल्यांनी पाठ फिरवली असती तर त्यांना कोण नावे ठेवणार होते? पण ते पुन्हा आगीकडे गेले. त्यांच्या मदतीला सैनिक, खलाशी, पोलीस आणि साधी मुंबईकर माणसे धावली. जखमींना मिळेल त्या गाडीत घालून रुग्णालयांत पोचवले गेले. आग पुढे पसरू नये म्हणून मधल्या इमारती पाडून मोकळी जागा करण्यात आली. तीन दिवसांनी आग आटोक्यात आली. त्यानंतर सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबली, तेव्हा कोठे पाच लाख टन राडारोडा हलला आणि गोदी पुन्हा कामाला लागली.

किती माणसे मेली? कोणी आठशे सांगते, कोणी तेराशे. ऐंशी हजार लोक बेघर झाले. युद्धकाळातील बातम्यांवरील बंधनांमुळे सविस्तर वृत्तांत बाहेर यायलाच मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला.

आता जरा हिशेब बघा. सोन्याच्या विटा १२४ होत्या, हे नक्की. एकेका विटेचे वजन नक्की. त्या विटा गोदीच्या गाळातून पुढे वर्षानुवर्षे सापडत राहिल्या, २०११ साली देखील सापडल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांची बातमी झाली. पण माणसे किती मेली याचा आकडा मात्र आठशे ते तेराशे! म्हणजे पाचशे माणसांचा फरक. ही पाचशे माणसे कोण असतील? हजेरीपटावर नाव नसलेले रोजंदारीवरचे हमाल, फुटपाथवर झोपणारे, कालच गावाहून पोटासाठी आलेले. सोने मोजले गेले आणि माणूस अंदाजाने सांगितला गेला. बाबासाहेबांनी आयुष्यभर ज्या व्यवस्थेशी झुंज घेतली ती हीच, जिच्या वहीत गरिबाचे नाव नसते.

त्या वेळी मजूरमंत्री कोण होते?

त्या दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षे पूर्ण झाली होती. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. गोदीतल्या, खाणीतल्या, गिरणीतल्या मजुराचे जिणे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, परळच्या चाळीत राहून पाहिलेले होते. झाडूवाल्या नगरपालिका कामगारांची संघटना त्यांनी १९३५ सालीच मुंबईत उभी केली होती. मजूरमंत्री असताना, या स्फोटाच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९४३ साली, युद्धामुळे जखमी होणाऱ्या कामगारांना भरपाई मिळावी यासाठीचे विधेयक त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले आणि त्याचा कायदा झाला. त्यामागचा विचार साधा होता. कामगार कामावर जीव धोक्यात घालतो, तर त्याच्या जिवाची जबाबदारी मालकावर आणि सरकारवर असली पाहिजे. ती दया नव्हे, तो हक्क आहे.

या विचारात आम्ही आणखी एक गोष्ट जोडू. कामगाराला भरपाई मिळणे हा हक्क, तसा आपण कोणत्या धोक्यात जात आहोत हे आधी कळणे हाही हक्कच. फोर्ट स्टिकिनवर लाल निशाण असते तर धक्क्यावरचे हमाल तरी दूर पळाले असते.

हा धडा जगाने घेतला का? नाही. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचे जहाज फुटून दोन हजारांच्या आसपास माणसे मेली होती, त्यात आग विझवायला धावलेले अग्निशमन जवानही होते. त्यातून मुंबईने काही शिकायला हवे होते. मुंबईनंतर तीन वर्षांनी, एप्रिल १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या टेक्सास सिटीत खताच्या जहाजाला आग लागली. तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलातले, एक सोडून, बहुतेक सगळे जवान एका स्फोटात गेले. आणि अगदी ४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनच्या बेरूत बंदरात गोदामाला आग लागली म्हणून दहा जणांचे पथक पाठवण्यात आले. आत अमोनियम नायट्रेटचा प्रचंड साठा आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. ते दहाही जण परत आले नाहीत. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण माल ठेवणारा एक, गप्प बसणारा दुसरा, आणि मरणारा मात्र तिसराच!

आजचे जवान

मुंबईच्या त्या ६६ जणांची परंपरा तुटलेली नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी ताज हॉटेलवर हल्ला झाला तेव्हा आत गोळीबार चालू असताना अग्निशमन जवानांनी शिड्या लावून खिडक्यांतून माणसे खाली उतरवली. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. माणसे बाहेर काढण्याचे काम करताना इमारत कोसळली आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, अधिकारी संजय राणे व महेंद्र देसाई हे चौघे त्या दुर्घटनेत बळी गेले. साहेब मागे आणि शिपाई पुढे, असे तिथे नव्हते. सर्वांत वरच्या हुद्द्याचा माणूस आगीपाशी उभा होता.

भगवान बुद्धांनी करुणा शिकवली. ती नुसती डोळ्यांत पाणी आणणारी करुणा नव्हती. आजारी पडलेल्या, घाणीत लोळत असलेल्या भिक्षूला त्यांनी स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले होते. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाय वळणे म्हणजे करुणा. सगळे जग आगीपासून दूर पळत असते तेव्हा जो माणूस आगीकडे धावतो, त्याच्याइतका तिचा अर्थ कुणाला कळला असेल? त्या ६६ जणांची जात कोणती, धर्म कोणता, हे शोधण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनीही कुणाची जात विचारून पाणी मारले नव्हते.

आग जात विचारत नाही असे म्हणतात. ते खरे आहे. पण आग झोपडी आणि माडी यांतला भेद मात्र बरोबर ओळखते! ज्या गल्लीत बंब शिरत नाही, जिथे घराला घर चिकटलेले, वर टिनपत्रे, शेजारी पऱ्हाटीचा ढीग, डोक्यावर लोंबती वायर, तिथेच ती वेगाने पसरते. आणि अशा वस्त्या कुणाच्या असतात हे आम्ही सांगायला नको.

म्हणून आमचे सांगणे आहे की हा विषय फक्त सरकारचा नाही. ज्या वस्तीत बंब येण्याइतका रस्ता नाही तिथे तो मागणे, गावाजवळच्या जिनिंगमध्ये आग विझवण्याची साधने आहेत की नाहीत हे विचारणे, ठेकेदारीवर राबणाऱ्या अग्निशमन कामगाराला कायम करा असे म्हणणे, हे आपले काम आहे. महाराष्ट्रात २००६ सालचा आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. कायदा कपाटात राहिला की काय होते, हे जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच विदर्भात दिसले. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा तान्ही बाळे गेली. सात बाळांना वाचवता आले. त्या दहा बाळांच्या आया कोणत्या बंगल्यातल्या नव्हत्या.

आपल्या मुलामुलींसाठी

आणखी एक गोष्ट घरातल्या शिकणाऱ्या मुलांना सांगा. देशाचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. १९५६ साली ते उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. ज्या नगरीत बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, त्याच नगरीत आगीशी लढण्याची विद्या शिकवली जाते. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ साली तिथे प्रवेश घेतला आणि त्या देशातल्या पहिल्या महिला अग्निशमन अधिकारी ठरल्या. बारावी झाली, पदवी झाली, आता काय, असे म्हणत चौकात बसलेल्या आमच्या मुलांनी आणि घरी बसवलेल्या आमच्या मुलींनी हा रस्ता का धरू नये? अंगात ताकद आहे, उन्हातान्हाची सवय आहे, कष्टाची लाज नाही. हवी आहे ती माहिती आणि अभ्यास.

माय-बहिणींसाठी चार गोष्टी

एप्रिलचे ऊन, कोरडा वारा आणि जयंतीची धामधूम, हे तिन्ही एकदम येते. म्हणून घरोघरी एवढे पाळा.

गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, पंखाही लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि लेकरांना घेऊन बाहेर या. रात्री फोटोपुढे मेणबत्ती लावली तर ती थाळीत पाणी घालून मधोमध ठेवा. कागदी फुले, थर्माकोल आणि पडदा तिच्यापासून हातभर दूर असू द्या. सगळे मिरवणुकीला निघाले तर ती विझवूनच घराबाहेर पडा.

अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळू नये. पळाल्याने आग वाढते. जमिनीवर पडून लोळावे. दुसऱ्याने गोधडी किंवा घोंगडी टाकून आग दाबावी. भाजलेल्या जागेवर निळ, शाई, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका. वीस मिनिटे थंड, स्वच्छ पाणी सोडा, मग स्वच्छ कापड सैल झाकून दवाखान्यात न्या. बर्फ लावू नका, फोड फोडू नका.

मिरवणुकीतल्या तरुणांनी एवढे ध्यानात ठेवावे. उंच झेंडा आणि रथावरची सजावट विजेच्या तारेखालून नेताना आधी वर बघा. जनरेटर चालू असताना त्यात डिझेल ओतू नका. आणि मागून बंबाची घंटा किंवा अॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला की ढोल, डीजे सगळे थांबवून रस्ता मोकळा करा. बंब जवळचा असो की अकोट-अकोल्याहून धावत आलेला, त्याचा एक मिनिट म्हणजे कुणाचे तरी घर आहे. नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. आगीसाठी १०१, अॅम्ब्युलन्ससाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२.

शेवटी आमची तेल्हाऱ्यातल्या आणि इतर गावांतल्या जयंती मंडळांना एक विनंती. यंदा मिरवणूक निघण्याआधी, बुद्धवंदना झाल्यावर, गावातल्या किंवा तालुक्यातल्या एखाद्या अग्निशमन कर्मचाऱ्याला बोलवा. नळी कशी धरायची, सिलिंडर कसा बंद करायचा, हे त्याच्याकडून मुलांना शिकवून घ्या. त्याचा फुलांनी सत्कार करा आणि मग सगळ्यांनी मिळून दोन मिनिटे शांत उभे राहा, त्या ६६ जणांसाठी आणि ज्यांची नावे कुठल्याच वहीत नाहीत त्या शेकडो हमालांसाठी. बाबासाहेबांच्या जन्मदिवशी मेलेल्या कामगारांची आठवण बाबासाहेबांच्या लेकरांनी ठेवली नाही, तर ती कुणी ठेवायची?

जयभीम! नमो बुद्धाय!